अर्ध्या मापाचं विमान

…आणि वर मलाच विचारतात, "काय ज्योतिबाराव, तीन वर्षं नुसते बसून होता?" बसून? मी? अहो, तुम्हाला सांगतो, त्या तीन वर्षांत मी देवळात बसलो, मंडळात बसलो, हिरामणशेटच्या ओट्यावर बसलो, बायकोसमोर तर रोजच बसलो, फक्त कामाला तेवढा बसलो नाही! आणि कशासाठी? विमान करायचं का नाही, एवढंच ठरवायचं होतं हो! करायचं… का नाही. दोनच उत्तरं. तिसरं असतं तर गोष्ट वेगळी.

नाही, खरं विमान नाही, घाबरू नका. आणि तुमचा चेहरा बघूनच कळलं मला पुढचा प्रश्न काय येणार ते. नाही उडणार! आधीच सांगून टाकतो, नाही उडणार. मॉडेल आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, पण बरोब्बर अर्ध्या मापाचं, नाकापासून शेपटीपर्यंत चौदा फूट आणि पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा फूट. नॅट. ऐकलंय का नाव? एवढंसं लढाऊ विमान, पण एकाहत्तरच्या लढाईत काय गाजलं! आणि मी वायुसेनेत वीस वर्षं पत्र्याचा फिटर. म्हणजे काय, तर पायलट विमान घेऊन वर जाणार, खाली येताना पत्र्याला भोकं पाडून आणणार, पेपरात पायलटचा फोटो येणार आणि मी खाली बसून भोकं बुजवणार. वीस वर्षांत इतकी ठिगळं लावली की सगळी जोडली असती तर चार विमानं झाली असती! पण अख्खं विमान? माझ्या हातचं? एकही नाही. ते राहून गेलं होतं मनात.

मग रिटायर झालो, साताऱ्याचं गाव सोडून इकडं नवी मुंबईत आलो, तळवलीला ठाणे-बेलापूर रोडला लागून हिरामणशेटची शेड भाड्यानं घेतली आणि ग्रिली करायला लागलो. सिडकोनं खिडक्या करायच्या, मी ग्रिली करायच्या, त्या काही संपत नाहीत आणि मी काही थांबत नाही. म्हटलं करू विमान, घाई काय आहे? आणि चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी एक दिवस ड्रिल धरलं आणि बघतो तर ड्रिल चालू करायच्या आधीच थरथरतंय! ड्रिल नाही हो… हात. वाशीच्या डॉक्टरनं हात बघितला, बोटं बघितली, मला सरळ रेघ मारायला लावली, ती रेघ बघितली आणि म्हणाला, "आता थोडं आहे, हळूहळू वाढत जाईल. काही बारीक काम राहिलं असेल तर उरकून घ्या." उरकून घ्या! जसं काही वाण्याकडनं साबणच आणायचा राहिलाय!

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी सुरू का नाही केलं? इथंच तर माझं चुकलं. वीस वर्षांची सवय! वायुसेनेत वरून कागद आल्याशिवाय आम्ही स्क्रूड्रायव्हरलासुद्धा हात लावायचो नाही. आधी हुकूम, मग हात. रिटायर झालो तरी हुकूम कुणीतरी द्यायला पाहिजे ना! म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं, कुणालाच विचारायला नको होतं. पण विमान करायचं का नाही, एवढंच ठरवायचं होतं, म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे.

पहिलं बायकोला विचारलं, सत्यभामाला. ती पोळ्या लाटत होती, वर न बघताच म्हणाली, "उडणार का?" म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग?" काय बोलणार ह्यावर? तुम्ही बोलून दाखवा! म्हटलं, "मॉडेल आहे." म्हणाली, "ते ऐकलं मी. करा की, मी कुठं नको म्हणतेय? पण आवो, हौसेरावभावजींना एकदा विचारून घ्या."

हौसेराव म्हणजे माझे साडू. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, पाठीवर शंभर किलो घेऊन चालतील पण डोक्यात एक गोष्ट चटकन घेतील तर शपथ! म्हणाले, "दाजी, असं एकट्यानं ठरवायचं नसतंय. आपलं मंडळ हाय, मंडळापुढं ठेवू." का? माझं विमान मंडळापुढं का? पण ठेवलं. मार्केटच्या मागं पत्र्याच्या खोलीत आम्ही साताऱ्याकडचे तीस-पस्तीस जण, वर पंखा, खाली सतरंजी आणि मधे माझं विमान… कागदावर. एक उठला, म्हणाला तोफ करा. म्हटलं, "अरे, मी तोफेवर नव्हतो!" दुसरा म्हणाला, तोफ नको, सिंहगड करा. तिसरा म्हणाला, रंग भगवा पाहिजे. म्हटलं, "भगवं लढाऊ विमान? शत्रूला लांबूनच दिसेल!" तर म्हणतो, "दिसू दे की, भितोय का आपण?" हौसेराव उठले, शेडमध्ये जाऊन टेप लावून आले होते, म्हणाले, "शेडचं दार दहा फूट, पंख अकरा फूट. भाईर कसं काढणार?" म्हटलं, "पंख सुटे होतात." म्हणाले, "मग त्ये खरं न्हाई." आणि मागनं कुणीतरी, दरवेळी मागनंच कुणीतरी, "पण उडणार का?" शेवटी सेक्रेटरी जयप्रकाश, अतिशय हुशार माणूस, अक्षर मोत्यासारखं, त्यानं ठराव लिहून वाचून दाखवला. ऐका हं. 'ज्योतिबा यांनी विमान करावे अथवा करू नये, असे सर्वानुमते ठरले.' टाळ्या!! अहो, मी पण वाजवल्या. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही!

तोपर्यंत तीन महिने गेले, आणि माझ्या कपातला चहा बशीत सांडायला लागला.

मग म्हटलं, शेड ज्याची त्याला तरी विचारावं. हिरामणशेट म्हणजे इथला मूळचा माणूस, पूर्वी भातशेती, जमीन सिडकोत गेली, आता बिल्डर, गळ्यात एवढी जाड चेन, पण मनानं मोठा. ओट्यावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फौजी, येक सांगू? उडनार हाय का?" म्हटलं, "नाही." म्हणाला, "मंग?" म्हटलं, "शेट, तेवढं सोडून काहीही विचारा!" तो म्हणाला, "मी कोन तुला हो बोलनारा? माज्या जागंत येवढा मोठा लढाईचा इमान होनार, गावावर काय आलं तं? आपन देवीला इचारू. जत्रेला कौल लावू." 

आता कौल म्हणजे, माहीत नसेल त्यांना सांगतो, देवीच्या दोन्ही खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. मला तर बरंच वाटलं! म्हटलं, देवीपेक्षा मोठा हुकूम कुणाचा? पंचाण्णवची चैत्रातली जत्रा. एका बाजूला हिरामणशेट आणि गाववाले, दुसऱ्या बाजूला हौसेराव आणि आमचं मंडळ, मधे मी नारळ धरून, म्हणजे नारळ हलतोय आणि मी त्याला धरून! कान्हा पुजाऱ्यानं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या फौजीनं लढाईचा इमान करावा का नको, त्ये तू सांग!" हिरामणशेट ओरडला, "पंखा बंद करा! कौल देवीचा पायजे, पंख्याचा नको!" पंखा बंद. पाऊण तास. घाम. पाऊण तास मी त्या दोन पाकळ्यांकडं बघत होतो, कधी विमानाकडं इतकं बघितलं नसेल. आणि टप्प! पडली! हौसेराव उडी मारून ओरडले, "उजवी! देवीची उजवी! हो म्हणली!" आणि त्याच वेळी हिरामणशेट हात जोडून म्हणाला, "डावी पडली. नको बोलली आई."

कळलं का तुम्हाला? आमच्या साताऱ्याकडं देवाचा उजवा हात धरतात. हे गाववाले म्हणतात, आमच्यात बघणाऱ्याचा! मी म्हटलं, "अहो, हे आधी का नाही ठरवलं?" कुणी ऐकतंय होय? "देव कोन हाय, तू का मी?" "देवीला तिचा उजवा हात कंचा, त्ये ठावं न्हाई व्हय?" "अरे पन बघतोय कोन?" दोन तास! कान्हाला विचारलं तर कान्हा म्हणाला, "मी तिच्या बाजूला उबा ऱ्हातो, मला दोनी बाजू सारक्या." म्हटलं, परत लावा की कौल! तर ह्या एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत. एका प्रश्नाला वर्षातनं एकच कौल. पुढच्या जत्रेला या!

वर्ष! विमान करायचं का नाही, एवढंच ठरवायचं होतं हो, आणि वर्ष!

तुम्ही म्हणाल, गुपचूप करायचं. चौदा फुटांचं विमान गुपचूप? आणि देवीला विचारून बसलो होतो ना मी! उत्तर यायच्या आधी हात लावायची छाती होईना. रोज शेडमध्ये जायचो, खडूनं जमिनीवर आख्खं नॅट काढून ठेवलं होतं, त्याच्या कडेकडेनं चालायचो, एकेका रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याची, जागा मला पाठ होती. आणि हात रोज थोडा जास्त हलायचा. फार वाईट दिवस गेले ते. हसतोय आता, पण फार वाईट गेले.

शहाण्णवची जत्रा. ह्या वेळी आधीच ठरवून घेतलं, जयप्रकाशनं लिहूनच आणलं, सह्या घेतल्या, उजवा म्हणजे देवीचा उजवा. पंखा बंद. पाकळ्या लावल्या. एक तास, दोन तास, दुपार झाली, लोक जेवून आले, ऊन उतरलं… एकही पडेना! दोन्ही पाकळ्या तिथंच सुकून चिकटल्या! संध्याकाळी कान्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फौजी, आईला पन इचार करायला टाइम पायजे." म्हणजे बघा! बायको ठरवेना, मंडळ ठरवेना, शेट ठरवेना, आता देवी पण ठरवेना! मी कुणाकडं जाऊ? राष्ट्रपतींना लिहू?

आणि सत्त्याण्णवला… दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन मिनिटं! उजवी पडली, देवीची उजवी, सह्यांप्रमाणे! गुलाल उडाला, हौसेरावांनी मला खांद्यावर घेतलं, हिरामणशेटच्या डोळ्यांत पाणी, "फौजी, आता देवीचा सबूद हाय, इमान झालाच पायजे, नाय झाला तं गावाला बाधंल!" दुसऱ्या दिवशी त्यानं माणसं लावून शेडचं दार तोडून बारा फुटांचं केलं. सगळे म्हणायला लागले, करा, करा, करा. आणि खांद्यावर बसल्या बसल्या मी माझा हात बघत होतो. तीन वर्षांपूर्वी हात होता तर हुकूम नव्हता. आता हुकूम आला.

गेलो शेडमध्ये. पत्रा मांडला. ड्रिल धरलं, दोन्ही हातांनी धरलं, पहिलं भोक पाडलं. वाकडं. आणि पत्र्यावर हा एवढा लांब ओरखडा. वीस वर्षं जी भोकं मी दुसऱ्यांची बुजवली, त्यातलं एकसुद्धा इतकं वाईट नव्हतं. बसलो खाली आणि रडलो. लाज कसली सांगायला, रडलो!

सत्यभामा डबा घेऊन आली होती, दारात उभी. डबा ठेवला, पदर खोचला आणि माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हणाली, "हं, पाडा." पाडलं. सरळ! एकदम सरळ! तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. आठवडाभर असंच, मी ड्रिल धरायचं, तिनं मनगट धरायचं, दिवसाला वीस भोकं, वीस रिव्हेट. आठव्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जरा सरका बघू."

सरकलो.

अहो, चाळीस वर्षं करंज्यांना मुरड घातलेला हात तो! दिवसाला साठ रिव्हेट, एका ओळीत, एका अंतरावर, मला माझ्या सगळ्या सर्व्हिसमध्ये जमले नाहीत असे! मी म्हटलं, "अगं, नाकाचा पत्रा आधी वाकवून घे." म्हणाली, "मला दिसतंय." हिरामणशेट येतो, तो पण आता तिलाच विचारतो, "वैनी, शेपटीला कवा हात लावनार?" आणि मी? सकाळी तिची चप्पल वाजली की मी घरात एकटा, गॅससमोर. तिला बारा वाजता डबा लागतो ना! आमटी, भात, दोन भाज्या. पण हात थरथरतो हो, मीठ जास्त पडतं… आणि परवा आमटी खारट झाली, तर बाईसाहेबांनी दोन दिवस विमानाचं काम बंद ठेवलं!