गुरुजींका वाचूक येणा नाय

हॅलो?… हॅलो, कोण? जान्हवी? बरा झाला गो, तूच फोन केलंस. मी संजना वयनी… नाय, बरा नाय. तुझ्या बाबांचा… अगो, ऐक मगे! पडाक नाय ते. बोलतत, चालतत. पण सकाळपासून तेंका वाचूक येणा नाय.

चष्मो? डोळ्यारच आसा गो! पुसून दिलंय. पेपर उलटो केल्यानी, सुलटो केल्यानी, नि माका विचारतत, "संजना, आज ह्या खंयच्या भाषेत छापल्यानी?" माका वाटला, मस्करी करतत…

होय, होय. अख्ख्या वाडीक बाराखडी शिकवलेलो माणूस! माका काय सांगतंस?

मगे स्वताच पेटी उघडल्यानी. ती जुनी अंकलिपी… तीच, तुका मांडयेर बसवन शिकवलेली. चित्रार बोट ठेवल्यानी, "ह्या कमळ. ह्यो गडू." बोट बाजूच्या अक्षरार गेला, नि गप. परत कमळ. परत गप. "क कमळाचा," मी म्हटलंय, तर असे बघल्यानी माझ्याकडे… ता माझ्यान बघवला नाय गो.

डॉक्टर? केलंय फोन, मालवणात. म्हणतत, मेंदूतली शीर तुंबली असतली, वेळ घालवू नकात. शेजारचो लवू रिक्षा आणूक गेलो हा. तुझो दादा होडयेर, मोबाईल लागणा नाय…

थांब, हळू बोलतंय. ओटयेर बसलेत, आयकतले.

मघाशी पाटी मागल्यानी. आणि लिवल्यानी गो! झराझरा, काना-मात्रा जागच्या जागी… होय, लिवूक येता! माका वाटला, बरे झाले. तर पाटी माझ्याकडे फिरवन म्हणतत, "वाच. माझाच लिवलेला माका वाचूक जमणा नाय."

काय लिवलेला?… "उद्या मी तुम्हांलाही ओळखले नाही तर?"

… तसाच वाचलंस काय, विचारतंस?

नाय, मी खोटाच वाचलंय. म्हटलंय, "श्रीगणेशा लिवलास, बाबानू." माझ्याकडे बघल्यानी नि म्हणाले, "खोटा वाचलंस. परत वाच. मोठ्यान."… वाचलंय. काय करतलंय? गुरुजी ते.

रडू नको गो. तू रडलंस तर मी काय करू?

थांब… इली, रिक्षा इली! बाबानू, उठा, माझो हात धरा… काय? तेंच्याशी बोलतंस? बोल, पण लवकर. फोन कानाक लावतंय तेंच्या. बाबानू, आयका, फोन आसा…

… हॅलो? काय म्हणाले?… नावान हाक मारल्यानी? बरा झाला, बरा झाला गो… लवू, पुढे बस तू, मी तेंका धरतंय!

जान्हवी, मी काय सांगतंय, आजचीच गाडी पकड. रविवारची वाट बघू नको. वळखतत तवसर ये… ठेवतंय.