उरलेली स्प्रिंग

हॅलो? … कोण, धाकटी का? बरं झालं फोन केलास. मघाशी तीनदा लावला, तू उचलेनास.

नाही, नाही, तब्येत बरी आहे. … जेवलो. अगं खरंच जेवलो. … ऐक ना, तुझ्या बाबांची ती पिस्तुलं… हो, तीच, जुनी जोडी. उद्या सकाळी संग्रहालयाचा माणूस न्यायला येतोय. तुझ्या ताईनं शब्द दिला होता त्यांना, साफ करून, अख्खी जोडी देऊ म्हणून. ती गेली, शब्द राहिला. म्हणून बसलो साफ करायला.

दोन्ही एकदम उघडली. … माहीत आहे. ताई एका वेळी एकच उघडायची, दुसरं समोर नमुन्याला ठेवायची. का ते आज कळलं. … रागव नंतर, आधी ऐक. दोन्ही जोडून झाली आणि एक स्प्रिंग उरली.

कशी म्हणजे… बारीक आहे. करंगळीच्या नखाएवढी. चपटी, मधे वाकवलेली, चिमट्यासारखी. … नाही गं, पेनातली कशी असेल? चष्मा लावलाय मी.

चाप ओढून बघू? थांब, फोन टेबलावर ठेवतो.

… हं. डाव्याचा चाप सोडला की जागेवर येतो. उजव्याचा नुसता लोंबतोय. खुळखुळा झालाय. … म्हणजे ही चापामागची?

काय म्हणालीस? … कोण राहिला बसवायचा? … जावई?

अगं, जावई मी. मी इथं बसलोय. … हसतेस काय? … या स्प्रिंगचं नाव? बाबांनी सगळ्या भागांना नावं दिली होती? … मोठी स्प्रिंग सासू? का, सतत दाबून धरते म्हणून? … आणि घोडा म्हणजे मामा. बरं.

धाकटे, एक मिनिट. … नाही, रडत नाहीये. पिस्तुलांच्या पेटीच्या झाकणात एक चिठ्ठी होती, ताईच्या अक्षरातली. चार महिने झाले, माझ्या खिशातच आहे. वाचतो. ‘सासू आधी. मग मामा. जावई शेवटी.’ आणि खाली, ‘जावयाला एकटं सोडू नये, हरवतो.’ … मला वाटलं, बाबा माझ्याबद्दल बोलले असतील ते तिनं उतरवून ठेवलं. … सासू, मामा? लग्नातल्या फोटोची रांग असेल, असं वाटलं.

हस, हस. चार महिने मी स्प्रिंगची चिठ्ठी खिशात घेऊन फिरतोय.

काय? आधी दुसरं नाव होतं? … थांब, उजेडात धरतो. … हो गं, ‘जावई’च्या आधी काहीतरी खोडलंय. पा… पाहुणा. … आमच्या लग्नानंतर तिनंच बदललं? म्हणजे मला बढती मिळाली म्हणायची.

मग ती खालची ओळ? … बाबा असं म्हणायचे नाहीत? आठवून सांग. … कधीच नाही?

… वरचं काळ्या शाईत आहे. ही ओळ निळी आहे. अक्षर हललंय. आजारपणात असंच यायचं तिचं.

… आहे, आहे. ऐकतोय.

काही नाही. कशी बसवायची ते सांग. … चाप मागे धरून… अंगठ्यानं हळूच… अगं, जोर कुठं लावतोय मी… हां.

फोन जवळ धरतो. आता हलवतोय बघ. … येतोय आवाज? … मलाही नाही येत.

झाली. दोन्ही अख्खी. … हो, जोडायचं कसं ते त्यांना लागेल. वरची ओळ उतरवून देईन. … नाही, खालची नाही.

शनिवारी येतेस? मुद्दाम कशाला? … का, हरवेन म्हणून? … बरं. ये. ठेवतो.