डावी काठी

— नाही, नाही, हिलालभाऊ, ब्रश खाली ठेवू नका, मी घाई करायला आलेलो नाही. फलक उत्तम झाला आहे! माग असा रंगवला आहे की आता खडखडू लागेल. आमच्या यंत्रमाग कारागीर मंडळाचा एवढा देखणा फलक एक मेच्या मिरवणुकीत लिंबायतकरांनी पाहिलेला नसेल. केवळ एक सूचना — शास्त्रीय आहे, मी वाचलेले आहे — वारा निघून जाण्यासाठी कापडाला छिद्रे हवीत. मोठी. भाकरीएवढी. हसता काय? गेल्या वर्षी, शहाण्णव साली, रेल्वेच्या पुलावर फलक शिडासारखा फुगला, डावी काठी कलली, आणि लोक म्हणाले — म्हणोत! दोष कापडाचा होता, मनगटाचा नव्हता. मनगटाचे नाव कोणी काढले? मीच काढले? बरे, मीच काढले.

अहो, बावीस वर्षे डावी काठी माझ्या हातात आहे. आणि श्रीरंग — आमचा अध्यक्ष, तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला माझ्याजवळ शिकलेला — परवा बैठकीत म्हणतो, 'दगाआप्पा, यंदा तुम्ही मंचावर बसा, शाल घ्या, काठी योगराजला द्या.' मे महिन्यात शाल! योगराज माझाच मुलगा, तोही मान डोलावतो. घरी आमच्या प्रमिलाबाईंनी तर शालीत ठेवायला डांबराच्या गोळ्या आणल्या. मग मीही सर्वांसमक्ष बोलून गेलो — पूल ओलांडेपर्यंत काठी सरळ राहिली तर ती माझी. कलली, तर योगराजची. म्हणून छिद्रे, हिलालभाऊ. आता कळले?

तुमचे म्हणणे मान्य — चित्राला कात्री लावायची नाही. मागाचा धोटाच कापला तर कारागीर विणणार काय? कडेची वेलबुट्टीही नको, तिच्यावर तुमचे दोन दिवस गेले. मग मोकळी जागा कुठे? खाली ती लाल ओळ कसली? थांबा, चष्मा... 'संस्थापक : दगा उखा महाजन'. हं. अक्षरांना वळण सुरेख आहे. 'महाजन' विशेष साधला आहे.

वारा नेमका तिथेच भरतो, नाही का?

कापा. अहो, पाहत काय राहिलात? नाव वाचणारे समोर उभे असतात. मी बावीस वर्षे मागून कोरे कापडच पाहत आलो. यंदा त्यातून निदान पुढचा रस्ता दिसेल. कापा — माझ्यादेखत मात्र नको. येतो मी.