जाळीखालचा कागद

बाबा : त्याला हात लावू नकोस.

लेक : हात नाही लावत, बाबा. खाली केवढा पुठ्ठा लागेल ते बघतेय.

बाबा : पुठ्ठा कशाला?

लेक : मग कागद टेबलासकट गाडीत चढवायचा? उद्या नऊला सामानवाले येतील. त्यांना काय सांगू, टेबल राहू द्या, त्यावर आईचा कागद आहे?

बाबा : सांग. त्यात काय.

लेक : आणि घराच्या नव्या मालकांना?

बाबा : त्यांना टेबल आवडलं होतं.

लेक : बाबा.

बाबा : बरं. बोल.

लेक : खाली पुठ्ठा सरकवते, वर काच ठेवते, चारी बाजूंनी चिकटपट्टी. गाडीत मांडीवर घेऊन बसेन. घरी गेल्यावर फ्रेम करू. तुमच्या खोलीत लावू, पलंगासमोर.

बाबा : म्हणजे रोज उठलं की दिसेल.

लेक : हो. का, नको?

बाबा : अर्धवट आहे ते.

लेक : असेना. तिच्या हातचं शेवटचं आहे. ही कड बघा. हिरवा अंगठा उमटलाय तिचा.

बाबा : मला दाखवतेस? ती गेल्यापासून दोन महिने त्याच्यासमोर बसून जेवतोय मी.

लेक : तेही दिसतंय. चार माणसांचं टेबल, आणि तुम्ही टोकाला टिचभर जागेत. ताट तरी मावतं का?

बाबा : ताट मावतं. वाटी मांडीवर घेतो.

लेक : पण अर्धवट कसं? तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत. मावशीला, शेजाऱ्यांना, मला फोनवर. हातातलं काम उरकलं, आडवी झाली आणि गेली.

बाबा : असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

लेक : म्हणजे उरकलं नव्हतं?

बाबा : तुला कळू नये? ह्या टेबलाखाली वाढलीस तू.

लेक : टेबलाखालीच. वर हात आला की फटका बसायचा.

बाबा : जाळी अजून चिकटवलेली आहे ना चारी कोपऱ्यांना?

लेक : आहे.

बाबा : काम झालं की जाळी निघते. आधी स्पंजानं शाई लावायची, गोल गोल, कडेला दाट, मध्ये विरळ. मग वर ही पानांच्या आकाराची भोकं असलेली जाळी. मग जाळीवर पाणी फवारायचं, थांबायचं, कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. भोकातली शाई पाण्याबरोबर उठते आणि पानं फिकी उमटतात. त्यावर मग ती अक्षरं लावायची, फीत लावायची, काय ते कार्ड करायची.

लेक : तुम्ही कधी शिकलात हे?

बाबा : शिकतोय कुठला. थांबायचं खातं तेवढं माझ्याकडे होतं. ती फवारायची, मी वीसपर्यंत मोजायचो. कमी झालं तर पानं उमटत नाहीत, जास्त झालं तर पाणी जाळीखाली शिरतं. म्हणायची, डेपोत चाळीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्यात, घरात एवढं तरी करा.

लेक : मोबाइलवर लावायचं की.

बाबा : लावून दिलं होतं. नाही आवडलं. तोंडानं मोजा म्हणाली.

लेक : मग त्या दिवशी काय झालं? शाई लावून झाली, जाळी चिकटवून झाली. पाणी का नाही?

बाबा : पंखा जरा बारीक कर. कागद उडेल.

लेक : कागद चिकटवलेला आहे.

बाबा : हो. आहे खरा.

लेक : बाबा, पाणी का नाही?

बाबा : बाटली रिकामी होती.

लेक : मग?

बाबा : नळाचं पाणी तिला चालायचं नाही. वाळलं की पांढरे ठिपके पडतात. उकळून गार केलेलं लागायचं, ते ओट्यावर पातेल्यात झाकलेलं असायचं. मला म्हणाली, अहो, एवढी बाटली भरून द्या, माझे हात बरबटलेत.

लेक : आणि तुम्ही?

बाबा : शब्दकोडं सोडवत होतो. तीन घरं राहिली होती. म्हटलं, देतो, दोन मिनिटं.

लेक : अहो बाबा, त्यात —

बाबा : थांब. बोलायला लागलोय तर बोलू दे. म्हणाली, तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत, तोवर मी जरा पाठ टेकते. हात धुतले आणि आत गेली. रागावून नाही, हसतच. मी कोडं पुरं केलं. मग बाटली भरली, इथं आणून ठेवली. आत डोकावलो तर कुशीवर, भिंतीकडे तोंड. वाटलं, डोळा लागलाय. दार ओढून घेतलं, कडी वाजू नये म्हणून बोटानं धरून. चहालाही उठवलं नाही. म्हटलं, उठली की खेकसेल, पाण्याला एवढा वेळ लावलात म्हणून.

लेक : किती वेळानं कळलं?

बाबा : दीड तासानं.

लेक : डॉक्टर म्हणाले होते, हृदय एकदम थांबलं. तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही करता आलं नसतं.

बाबा : डॉक्टर हृदयाचं सांगतात. मी पाण्याचं सांगतोय.

लेक : तसं नाही म्हणत मी.

बाबा : करता आलं नसतं, मान्य. पण टेबलाशी असती तर माझ्यासमोर असती. भिंतीकडे तोंड करून नसती.

लेक : मला का नाही सांगितलंत? दोन महिने रोज फोन करतेय मी. जेवलात का, झोपलात का, गोळी घेतली का.

बाबा : जे विचारलंस त्याचं उत्तर दिलं.

लेक : आणि हे मी विचारायला हवं होतं?

बाबा : नाही गं. तुला कुठून सुचणार. रागावली असशील तर रागाव.

लेक : रागावलेच आहे. जरा वेळ रागावू दे मला.

(खालच्या मजल्यावर शिवणयंत्र सुरू होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं.)

लेक : खालच्या शिलाईवाल्या ताई ना? बाळंतपण झालं तरी लागल्या कामाला?

बाबा : त्यांच्यासाठीच आहे हे. बाळाचं कार्ड. हिनं विचारलं होतं मला, रंग कुठला घेऊ. म्हटलं, पोर अजून व्हायचंय, आतापासून काय घाई. म्हणाली, म्हणूनच हिरवा, कुणीही आलं तरी चालेल. ही गेली आणि आठवड्यात मुलगी झाली त्यांना.

लेक : म्हणजे आता सात आठवड्यांची.

बाबा : हसते म्हणे. जिन्यात गाठ पडली की मी पायऱ्या बघत चढतो.

लेक : आणि मी हे फ्रेम करून घरी न्यायला निघाले होते.

बाबा : तुझ्याकडे खोकंभर आहेत तिची. दर वाढदिवसाचं वेगळं.

लेक : हे अंगठ्याचं नाहीये त्यात.

बाबा : हो. हे नाही.

लेक : बाटलीत तेच पाणी आहे अजून?

बाबा : तेच.

लेक : दोन महिन्यांपूर्वीची शाई उठेल त्यानं?

बाबा : कुणास ठाऊक. ती म्हणायची, ही शाई वाळली तरी पाण्याला ओळख देते. पण तिचं वाळणं तासाभराचं असायचं. नाही उठली तर?

लेक : तर नुसता हिरवा कागद. हिरवं कार्ड देऊ.

बाबा : आणि बिघडलं तर?

लेक : दोघांनी मिळून बिघडवलं म्हणू.

बाबा : पाणी कडेला गेलं तर अंगठा पुसेल.

लेक : माहितीये.

बाबा : बघ हं. नंतर म्हणशील.

लेक : नाही म्हणणार.

बाबा : मग तूच फवार. मी मोजतो.

लेक : मी टिपते. पाणी तुम्ही द्यायचं होतं.

बाबा : दे इकडे.

लेक : जरा उंचावरून. जवळ नका धरू.

बाबा : मला नको सांगूस. निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं बघितलंय.

लेक : मग मोजा. तोंडानं.

बाबा : एक. दोन. तीन. चार. पाच.

लेक : मोठ्यानं.

बाबा : सहा. सात. मोठ्यानंच म्हणतोय. आठ. नऊ. दहा.

लेक : हं.

बाबा : अकरा. बारा. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस.

लेक : बाबा? राहू द्या. मी म्हणते. वीस. टिपतेय आता.

बाबा : दाब नुसतं. घासू नकोस.

लेक : फडक्याला हिरवं लागतंय. उठतेय शाई.

बाबा : जाळी सावकाश. एका कोपऱ्याकडून.

लेक : आली पानं. ह्या बाजूला छान आलीत. तिकडे जेमतेम.

बाबा : तिकडे खिडकीचं ऊन पडायचं. घट्ट बसली असेल.

लेक : अंगठा गेला.

बाबा : हो. बघितलं मी.

लेक : जाऊ दे.

बाबा : रडतेस?

लेक : तुम्ही कागदाकडे बघा. वाळला की कार्डावर चिकटवते. आत काय लिहू?

बाबा : ती 'अनेक आशीर्वाद' लिहायची. खाली दोघांची नावं. जास्त काही नाही.

लेक : तसंच लिहिते. मग दोघं जाऊन देऊन येऊ.

बाबा : नको, मी एकटा जातो. एवढा उशीर का झाला विचारतील, ते मलाच सांगू दे.