जेवणाच्या टेबलाला नवा हात

नणंद : वहिनी, हे काय करून ठेवलंयस? दोन दिवस माहेरी आले, हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, तोवर दारातच टर्पेंटाइनचा भपकारा. आणि बाबांच्या टेबलाची ही दशा.

वहिनी : बॅग ठेव आधी. त्या खुर्चीवर नको, तिथे तेलकट चिंध्या वाळत पसरल्यात. बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटतात म्हणे.

नणंद : बाबांनी जन्मभर लोकांच्या घरची सुतारकी केली. स्वतःच्या घरासाठी एवढं एकच टेबल. दर रविवारी जवसाचं तेल, त्यावर मेण. आम्हाला बोट लावायची चोरी होती. आणि तू ते सगळं पुसून काढतेयस?

वहिनी : काढावंच लागतं. मागे मी शहाणपणा केला होता. चांगलं टिकाऊ व्हार्निश आणलं आणि सरळ वरूनच फासलं. वाळायचं नावच घेईना. वर्तमानपत्र ठेवलं, तर बातम्या टेबलावर उमटल्या. तुझा दादा म्हणाला, आता पेपर बंद करू, टेबलच वाचू.

नणंद : हसवू नकोस, मी रागावलेय. मग?

वहिनी : मग रंगाच्या दुकानदाराने माझी शाळा घेतली. म्हणाला, मेणावर व्हार्निश म्हणजे अळवावरचं पाणी. आधी सगळं खरवडा, मग टर्पेंटाइनने पुसा, चिंधी बदलत राहा. पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा उभा राहिला तर मेण आहे, पसरला तर गेलं. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात आणि त्यावर व्हार्निश. लाख कशी, खालच्या तेलालाही धरून राहते आणि वरच्या व्हार्निशलाही. घरातल्या सुनेसारखी.

नणंद : असं दुकानदार म्हणाला?

वहिनी : शेवटचं मी म्हणतेय.

नणंद : पण बाबांना विचारलंस का? व्हार्निश म्हणजे लाकडाला रेनकोट, असं म्हणायचे ते.

वहिनी : नाही विचारलं. ते हल्ली टेबलाकडे येतच नाहीत. खोलीत जेवतात.

नणंद : हो, फोनवर म्हणाले मला. रेडिओ ऐकत निवांत जेवतो, सूनबाईची कटकट नाही.

वहिनी : कटकट तर मी खोलीत जाऊनही करते. कारण ते नाही गं. हात थरथरतो त्यांचा. एकदा पेला कलंडला, एकदा गरम वाटी. पांढरा डाग उठला. आम्ही कोणी चकार शब्द काढला नाही. पण बाबाच दुपारभर तेल-मेण घेऊन डाग घासत बसले, आणि त्याच हाताने निम्मं तेल सांडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझं ताट आत आण. टेबल जपायचं म्हणून माणूसच उठून गेला बघ.

नणंद : मला का नाही कळवलंस?

वहिनी : तू तिकडे रडत बसली असतीस. म्हटलं, सासऱ्यांना सुधारणं आपल्या हातात नाही, टेबल तरी सुधारू.

नणंद : दे ती चिंधी इकडे.

(आतल्या खोलीचं दार उघडतं. बाबा येऊन दारातच उभे राहतात.)

बाबा : चिंधी राहू दे. चकाकी उरली नाही, म्हणजे मेण गेलंय. आता लाख लाव.

वहिनी : बाबा... तुम्हाला माहीत होतं?

बाबा : सूनबाई, हात थरथरतो माझा. नाक शाबूत आहे. तू पहिलं व्हार्निश लावलंस त्याच दिवशी वास आला. हे वाळायचं नाही, हेही कळलं.

वहिनी : मग बोलला का नाहीत?

बाबा : वाटलं, कंटाळून सोडून देशील. तू काही सोडणाऱ्यातली दिसत नाहीस.

नणंद : बाबा, टेबल तुमचं आहे. नको म्हणालात तर आत्ता पुन्हा मेण चढवते.

बाबा : लोकांसाठी इतकी टेबलं केली, ती जेवायला केली. हे एकच नुसतं बघायला केल्यासारखं झालं. घाला त्याला रेनकोट. पण नीट घाला. काठापासून सुरुवात नको, ओघळ येतात. ब्रश लाकडाच्या रेषेनेच ओढायचा, मधे थांबायचं नाही. मला इथे खिडकीपाशी खुर्ची द्या. उजेडात तिरपं बघतो आणि कुठे सुटलंय ते सांगतो.

वहिनी : म्हणजे आता कटकट तुम्ही करणार.

बाबा : तुझ्याकडूनच शिकलो.

नणंद : पण बाबा, यावर जेवता कधी येईल?

बाबा : वरून लवकर वाळेल, पण मुरायला आठवडा द्या. तोवर गरम काही ठेवायचं नाही.

नणंद : मग मी आठवडाभर राहते.

बाबा : राहा की. आणि सूनबाई, त्यानंतर माझं ताट इथेच वाढ. वाटी हल्ली तू अर्धीच भरून आणतेस. ती पूर्ण भर.