मानीबाईच्या वेबसाइटची घरभरनी

...अन् नारळ फोडाचा कुठं, तं म्हने लॅपटॉपसमोर! आता तुमीच सांगा बाप्पा, मानूस नवं घर बांधते, नारळ फोडते. नवी गाडी घेते, नारळ फोडते. म्या बी या जीपसमोर फोडला होता, मी नाई म्हनत नाई. पन लॅपटॉपसमोर नारळ फोडला तं पानी कुठं जाईन? माही पोरगी कशफ वरडून राह्यली, "चाचा, दूर! चाचा, दूर!" अन् शंकरसिंगभाऊ धोतर सावरून, डोक्याले पटका बांधून, हातात नारळ घेऊन उभा. म्हने, "बाई, आपली जागा ते आपली जागा. नारळाबिगर कसं शिराचं आत?"

बसा ना भाऊ, कायले उतरता? मागचा बाक भरल्याबिगर गाडी निंगत नाई. दिग्रसले टाइमात टेकवून देईन, घाई नोका करू. तं मी काय सांगून राह्यलो होतो... हां, जागा.

शंकरसिंग कोन? अहो, आपल्या दारव्ह्याच्या खालतं बंजाऱ्याईचा तांडा नाई का, तिथला. माहा जुना दोस्त. बोलनं कमी. बोलाचं सारं खातं बायकोकडं, मानीबाईकडं. आता तुमाले ढावलो मालूम आहे का? बंजाऱ्याईच्या लग्नात नवरी सासरी निंगाले लागली की एकेकाच्या गळ्यात पडून रडते. पन नुसती रडत नाई, गाऊन रडते! मायसाठी येगळं, भावासाठी येगळं, बापासाठी येगळं. तो ढावलो. अन् तो आपोआप येत नाई, मोठ्या बाया लग्नाआधी पोट्टीले समोर बसवून शिकवते. मानीबाई त्याच्यातली मास्तरीन, अन् लय कडक! पोट्टी हासली की चापट. "भोकाड कोनीबी पसरते व, सुरात रड!"

पन आजकालच्या पोट्ट्या तांड्यात असते कुठं? शंकरसिंगाची पोरगी जया, तीच पुण्याले नर्स. मंग तिनं डोस्कं लावलं. मायचे व्हिडिओ काढले अन् मायच्या नावानं खातं उघडून टाकून देल्ले त्या कंपनीच्या साइटीवर. कोनती कंपनी? तीच ना भाऊ, जिच्यावर तुमी आत्ता अंगठा घासून राह्यले! घासा, घासा, मी कायले बोलू. तं मानीबाईचं नाव झालं, तेलंगणातल्या तांड्यातून फोन येत. अन् जया म्हने, "याडी, मी तं घरचीच आहे, मी शिकीन माह्या लग्नाच्या टाइमाले." याडी म्हंजे माय.

मागच्या पावसाळ्यात मानीबाई गेली. तापाचं निमित्त झालं, यवतमाळले नेलं, अन् आनली ते तशीच आनली. जया शिकलीच नाई.

अन् त्याच्यावर कडी म्हंजे पोरीचा फोन गेला पान्यात. व्हिडिओ होते ते त्या फोनात अन् कंपनीपासी. नव्या फोनवर खातं उघडाले गेली तं कंपनी म्हने, तूच मानीबाई हे कायवरून? चेहरा दाखव! शंकरसिंग म्हने, ठीक आहे, दाखवू. अहो, कसा दाखवला मालूम आहे का? भिंतीवरचा फोटो काढला, हार घातलेला, अन् धरला फोनसमोर! फोन म्हने, मान डावीकडं वळवा. यानं फोटो डावीकडं वळवला. फोन म्हने, उजवीकडं. यानं उजवीकडं. फोन म्हने, डोळे मिचकवा... आता फोटो डोळे मिचकवन का? हा फोटोले म्हनून राह्यला, "मिचकव ना व, एक डाव मिचकव." मी तथीच बसून होतो. मले हासू येऊन राह्यलं अन् हासता येऊन नाई राह्यलं.

मंग फोनवर अक्षरं आली. कशफनं वाचली. हा चेहरा जिवंत मानसाचा वाटत नाई, म्हने. शंकरसिंगानं फोटो मांडीवर घेतला, हार नीट केला, म्हने, "मले मालूम आहे ना बाप्पा. तू काहून सांगतं?"

मंग कंपनीनं खात्यालेच कुलूप लावलं, व्हिडिओ कोनालेच दिसेना. अर्ज केले. खात्याच्या मालकानं स्वतः अर्ज करावा, असं उत्तर आलं. मालक कुठं? मालकाची राख नदीत! कशफनं मृत्यूचा दाखला लावला, तं मशीनच आभार मानते, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे... दाखला म्हंजे अभिप्राय का हो? कंपनीचं हापिस दारव्ह्यात असतं तं शंकरसिंग पायरीवर जाऊन बसला असता. पन हापिसच नाई, पायरी आनाची कुठून? त्या दिवशी तो पयल्यांदा म्हनला, "अय्यूब, दुसऱ्याच्या घरात आपलं मानूस ठेवलं, हे चुकलं. आपली जागा ते आपली जागा." मी म्हनलं, असंन बावा.

मले काय मालूम की तो खरंच बांधाले निंगन!

माही कशफ बसस्टँडपासी ऑनलाइनचं सेंटर चालवते. तिले म्हने, "बाई, मानीबाईच्या नावाची वेबसाइट बांध. तिथं कोनी तोंड दाखव म्हननार नाई." पन बांधाची तं आत ठेवाचं काय? व्हिडिओ तं कंपनीच्या कुलपात. मंग आमची वरात निंगाली. माही जीप, माहं डिझेल, अन् हा सामनेच्या सीटवर, कशफ मागं. ज्या-ज्या बायायनं मानीबाईचे व्हिडिओ उतरवून ठेवले होते त्यायच्या दारोदार. मानीबाईची बहीन रुपीबाई, तिच्याकडं गेलो तं तिच्या फोनात गुलाबाचे फूल, सुप्रभात, शुभ रात्री, कोनाच्या नातवाचं बारसं, पुन्हा गुलाब... कशफ शोधून शोधून थकली. अन् रुपीबाई वरून, "भाऊजी, मले जागा नाई म्हनून म्या काल बरंच काही मिटवलं, पन आधी चहा घ्या." शंकरसिंगानं चहा एका घोटात संपवला अन् फोन पुन्हा कशफकडं सरकवला. शेवटी सापडला, गुलाबाच्या खाली, बापासाठीचा ढावलो. भावासाठीचा दुसऱ्या तांड्यात भेटला, मायसाठीचा अर्धाच भेटला. बाकीचा कोनापासीच नाई. शंकरसिंग म्हने, अर्धा तं अर्धा.

मंग बांधकाम! कशफ इचारे, "चाचा, रंग कोनता देऊ?" हा म्हने, "रंग राहू दे, दार कोनत्या दिशेले आहे?" आता वेबसाइटले दिशा असते का? कशफ म्हने, "चाचा, दार चारी दिशेले आहे." हा खूश! म्हने, समोर ओसरी पाह्यजे, पाव्हना एकदम घरात घुसू नाई, पयले बसला पाह्यजे. तिनं बिचारीनं एक पान केलं, मानीबाईचा फोटो, खाली लिहिलं, बसा, मंग ऐका. वर वेबसाइटच्या नावाचं भाडं दरसाल भरा लागते म्हने! मी म्हनलं, भाऊ, भाडं द्याचं अन् म्हनाचं आपली जागा ते आपली जागा? तं मले म्हने, "अय्यूब, घरपट्टी तू भरत नाई का?" आता बोला!

मंग घरभरनी. तेच सांगून राह्यलो होतो. म्हने, मानीबाईच्या नावाची जागा अन् लोकाईले जेवू न घालता आत जाचं? सारा तांडा बलावला. लापशी, वरन, भात. अरदास, म्हंजे बंजाऱ्याईची प्रार्थना, झाली. नारळ शेवटी पायरीवर फोडला, कशफच्या जिवात जीव आला. लॅपटॉप खाटेवर, खाटेले तोरन, अन् मानीबाईचा आवाज लागला... सगळ्या बाया खाटेपासी सरकल्या. लेकरं बी.

मंग खेमसिंग उठला, नात्यातला जवान पोट्टा, म्हने, "काका, लय भारी. पन लाइक कुठं कराचं?" काका म्हने, लाइक नाई आहे. "मंग कमेंट?" नाई. "मंग म्या ऐकलं हे लोकाईले कसं समजन?" शंकरसिंग म्हने, "लोकाईले कायले समजाले पाह्यजे? तुले ऐकू आलं ना?" खेमसिंगाले काही पटलं नाई, पन लापशी त्यानं दोनदा घेतली.

अन् मंग? मंग कोनी आलं नाई हो. घरभरनीले सारे आले, घरी कोनी आलं नाई. भेटले की म्हनत, "काका, ग्रुपवर टाका ना, तिथं कोन जाईन?" रोज दिवेलागनीले शंकरसिंग सेंटरवर येऊन बसे. कशफले इचारे, "बाई, आलं का कोनी?" ती पाहून सांगे, "चाचा, एक जन आला." "कोन?" "तुमीच." तरी हा खुर्ची ओढून बसे अन् पुन्हा ऐके. आपली जागा ते आपली जागा, म्हने.

सगळ्यात जास्त ज्या पोरीसाठी बांधलं, ती बी उघडून पाहेना. जयाचं लग्न ठरलं होतं ना मुकुटबनकडं! बाप फोनवर म्हने, "बाई, ऐक, शिकून घे." जया म्हने, "बापू, म्या उघडलं होतं. फोटो पाह्यला अन् बंद केलं. मले नाई होत." तिची बी चूक नाई, अन् त्याची बी नाई. मले दोघाईचंबी दुःख होऊन राह्यलं होतं, खरं सांगतो.

लग्न झालं. निंगाची येळ आली. जया बापाच्या गळ्यात पडली. साऱ्या तांड्याचे कान तिकडं, मानीबाईची पोरगी ना! तोंड उघडलं पोरीनं, अन् आवाज नाई. रुपीबाई मागून टोचून राह्यली, "गा व बाई, गा." पोट्टी नुसती हुंदके देऊन राह्यली. अन् मंग, तुमाले सांगतो, गायलं कोनं? शंकरसिंगानं! मानसानं! ढावलो हो, बायायचा, नवरीचा! पोरीच्या कानासी तोंड नेऊन, मानीबाईच्या चालीत. रोज ऐकून ऐकून पाठ झालता ना त्याले. त्याचा अर्थ असा, बापू, तुह्या खांद्यावर बसून म्या जत्रा पाह्यली, आता मले धाडून देशीन अन् अंगनात एकटा कसा बसशीन... बापच गाऊन राह्यला अन् बापालेच इचारून राह्यला! पयले पोट्टे फिसकन हासले. मंग कोनी हासलं नाई. जया मागं मागं गाऊ लागली, एकेक शब्द. मी जीपच्या मागं जाऊन उभा राह्यलो. धूळ लय होती तिथं.

खेमसिंगानं काय केलं? फोन काढला, व्हिडिओ घेतला अन् टाकला कंपनीच्या साइटीवर. झालं! लाखानं पाह्यला. अकोल्याचा मानूस माह्या गाडीत बसून मलेच दाखवे, "हे पाहा, रडनारा बुढा." मानीबाईच्या वेबसाइटीवर कुत्रं फिरकलं नाई अन् हा बुढा जगभर रडून राह्यला. कशफनं तो व्हिडिओ घेऊन वेबसाइटीवरबी ठेवून देल्ला, मानीबाईच्या बाजूले.

परवा शंकरसिंग इथंच, सामनेच्या सीटवर बसला होता. म्हने, "अय्यूब, जयाचा फोन आलता. सासरी गेल्यापासून फोन कमीच आहे तिचा. म्हने, बापू, म्या वेबसाइट उघडली. आता रोज उघडते." मी म्हनलं, अरे वा! मंग ऐकलं मायचं? तं म्हने, "नाई. तिचं अजून ऐकवत नाई म्हने. माहं ऐकते."

मी म्हनलं, बरं आहे ना बावा, आली तं खरी.

तं खिडकीच्या बाहेर पाहत म्हने, "बरं कायचं, अय्यूब? मी तं जित्ता आहे. फोन लावला असता तं घरीच होतो ना मी."