टाकीमागचं अळू

हॅलो? … हॅलो… हो, बोला. … अगं मीच बोलतेय. सुलक्षणा. … नाही, राँग नंबर नाही, ठेवू नकोस. नलूताई, मुलुंडच लागलंय, तुझ्या सख्ख्या बहिणीचंच घर. आवाजच असा झालाय. … सर्दी नाही गं. … रडलेबिडले पण नाही. … अळू. … अळू म्हणतेय मी. अळूनं घसा धरलाय. आणि माझा एकटीचा नाही, अख्ख्या सोसायटीच्या कमिटीचा.

हसू नकोस. … नाही, तू हस, पण मला हसवू नकोस. दुखतं.

हो, झाली ना मीटिंग. सकाळीच झाली. … जागा? आहे अजून. आत्ता किचनच्या खिडकीतून दिसतेय मला. सिमेंट टाकून तिथे स्कूटरी लावायच्या की माझी बाग राहू द्यायची, ते पुढच्या रविवारवर गेलं. … जिंकले कुठली? ऐक तर. तुझ्या बहिणीनं आज अशी वाट लावलीय की आता बाजारात भाजी आणायला तोंड लपवून जावं लागेल. … हो, भाजी विकतच आणते. बाग आहे म्हणून घरात भाजी येते असं कोणी सांगितलं तुला?

तू काय म्हणालीस मागच्या वेळी? कमिटीला तुझ्या बागेतलं काहीतरी खाऊ घाल, पोटात गेलं की मन वळतं. … म्हणालीस की. … बरं, तुला दोष नाही देत, मलाही पटलं ते. पण खाऊ घालणार काय? … टोमॅटो? अगं, चार लागले सगळे मिळून, त्यातले तीन पोपटांनी नेले. दुधी बोटाएवढा झाला की गळून पडतो. पपई नर निघाली. … हो, नर. दीड वर्ष शेणखत घातलं मी तिला, तीन मजल्यांवर पपया कबूल करून बसले, आणि नर. आता जिन्यात बायका विचारतात, काय म्हणतो तुमचा पपया? … गवती चहा आणि कढीपत्ता तेवढा माजलाय. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही ना, म्हणून.

तर म्हटलं, अळूवड्या करू. तू दिलेल्या कंदाचं अळू छान आलं होतं, ते काळ्या देठाचं. … पाच पानं. … वडीजोगी पाचच, बाकीची कोवळी. पण पाच पानांत कमिटी कशी भागवायची? आणि बाजूलाच, टाकीचं पाणी वाहून जातं ना त्या कडेला, आपलं आपण उगवलेलं हिरव्या देठाचं अळू. सुपाएवढाली पानं. … हो. … हो गं, माहीत आहे मला, तुझ्याइतकंच माहीत आहे. त्याची वडी करत नाहीत. पण लोभ सुटला. म्हटलं आत हिरवी घालू, वरून एकेक काळ्याचं गुंडाळू, कोणाला कळतंय?

चिंच? … घातली ना. … नावाला घातली. … अगं, खानविलकरांना आंबट चालत नाही. खानविलकर म्हणजे आमचे अध्यक्ष, त्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे. म्हटलं, ज्याचं मत हवं त्याच्या पोटाला जपावं. म्हणून कोळ चमचाभर, आणि गूळ भरपूर. … हो, चिंचेनंच खाज मरते. आता आठवलं. आता मला सगळं आठवतंय.

आणि पानं लाटतानाच आमच्या ह्यांच्याशी वाजलं. … स्कूटरवरून, दुसरं काय? सहा वर्षांपूर्वी बुक केली होती, तिचा नंबर आलाय ना. हे म्हणाले, मग स्कूटर काय उशाशी घेऊन झोपू? मी म्हटलं, खुशाल झोपा, मी खाली पपयाशेजारी झोपते. … आई काय म्हणायची आठवतंय? अळू कापताना भांडा नको गो, खाजता मगे. आपण हसायचो तिला.

चाखली ना. एक कड चाखली तळताना, ती नेमकी वरच्या पानाची. झकास लागली, म्हणून तर हिंमत आली. ह्यांच्याकडे डबा खाली न्यायला दिला तर ह्यांनी जिन्यातच पाच-सहा मटकावल्या. भांडण वेगळं आणि अळूवडी वेगळी, असा हिशेब आहे त्यांचा.

मग काय, खाली गेलो. सतरंजी घातलेली, पहिला विषय पाण्याचा पंप. मी डबा फिरवला. सगळे वा वा करतायत. खानविलकर म्हणाले, परबवहिनी, ही तुमच्या बागेतली? आणि मी, अगं, मी लाजून मान खाली घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग ते पंपाचं बोलायला उठले, आणि खाकरले. परत खाकरले. तिकडे खजिनदार गळा खाजवायला लागले. कोणी डोळे पुसतंय, कोणी जीभ बाहेर काढून बसलंय. मीही दोन खाल्ल्या होत्या, लोकांना विश्वास वाटावा म्हणून. … पाणी? कुठलं पाणी? पंप बंद होता ना, विषयच तो होता.

शेवटी रत्नप्रभावहिनींनी घरून आमसुलाचं सार आणलं, पातेलंभर. … खानविलकरांची बायको. त्यांनी वडीला हातच लावला नव्हता. नंतर मी विचारलं तर म्हणतात कशा, तुम्ही सकाळी कुठली पानं खुडत होतात ते खिडकीतून बघितलं मी. … अगं, मीही तेच म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, म्हटलं, ह्यांचा आवाज तासभर तरी बंद राहील.

थांब, हसून घे. … झालं? आता पुढचं ऐक, ते हसण्यासारखं नाही.

सेक्रेटरींची संकष्टी होती, त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांचा आवाज शाबूत. ते उठले आणि वाचायला लागले. टाकीमागील मोकळ्या जागेवर सिमेंट घालून स्कूटर लावण्याची सोय करणे. सूचक… ताई, सूचक कोण असेल? … नाही, खानविलकर नाही. … खजिनदार पण नाही. … आमचे हे. श्री. जयवंत परब. … हो. … हो गं, तोच जयवंत, एकच नवरा आहे मला.

तेच तर. इतके दिवस माझ्या पानाशेजारी बसून जेवतायत. आज सकाळी मी टाकीमागे उतरले तर वरून म्हणाले, जपून, शेवाळ आहे, पाय घसरेल. इतकी काळजी. आणि सूचक. मी समजत होते खानविलकर माझ्या मुळावर आलेत, त्यांच्यासाठी चिंच काय कमी करतेय, गूळ काय वाढवतेय…

मग हे उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठराव मांडायला तोंड उघडलं आणि आतून नुसतं खर्र. परत उघडलं, परत खर्र. खाई त्याला खवखवे ऐकलं होतं, पण इतकं तंतोतंत होताना आज पहिल्यांदा बघितलं. सूचकाला बोलता येईना, अध्यक्षांना बोलता येईना. विषय पुढच्या रविवारवर.

आता? आता दोघंही मुके. ते खुणेनं चहा मागतात, मी खुणेनं नाही म्हणते. लग्न झाल्यापासून इतकी शांतता नव्हती ह्या घरात.

सांगू? मी का सांगू ठराव मागे घ्या म्हणून? … हो, त्यांनी मागे घेतला तर विषयच संपतो, दुसरं कोणी मांडायला तयार नाही. पण मी नाही सांगणार. त्यांना दिसत नाही का? … मला स्कूटर नको असं नाही गं. मलाही मागे बसायचंय. ठाण्याला तलावपाळीवर जायचंय वारं खात, सगळ्या बिल्डिंगनं बघायला हवंय. पण ताई… लालबागच्या खोलीत आपण वाढलो, तिथे काय होतं? डालड्याच्या डब्यात तुळस, तीही ऊन मिळावं म्हणून आई रोज ह्या खिडकीतून त्या खिडकीत हलवायची. इथे आल्यावर पहिल्यांदा मी मातीत पाय ठेवला. मला काही पिकवता येत नाही, ते आता सोसायटीनं जाहीरच केलंय. तरी सकाळी उठलं की आधी खाली जाऊन बघते, काही उगवलंय का. बहुतेक नसतंच. पण जाऊन बघते ना. ते गेलं तर मी सकाळी उठून काय बघू, स्कूटर?

नाही, नाही रडत. घसा आहे.

हे? घरात नाहीत. मघाशी कपाटातून टेप घेऊन गेले. … मोजायची टेप, ते पडद्यांचं माप घ्यायला आणली होती ती. … कुठे म्हणजे… थांब, बघते. … ताई, खाली आहेत. टाकीमागे. … वाकलेत. … माझ्या बागेत वाकलेत, आणि टेप बाजूला पडलीय. … अगं, उपटतायत. काहीतरी उपटतायत. रविवारपर्यंत पण दम नाही निघाला. … धर, फोन धर, ठेवू नकोस.

अहो… अहो, ऐकलंत का… अहो…

हॅलो, आवाजच पोचत नाही गं. … ओरडू कशानं? थांब, ताट वाजवते. … ऐकू आलं? तुला दिंडोशीला ऐकू आलं, मग त्यांनाही… हां, बघितलं वर. सगळ्या बिल्डिंगनंच बघितलं. … काही नाही बोलत, बोलणार कशानं? हात करतायत. … जिन्याकडे दाखवतायत. … आता दोन्ही मुठी पुढे धरल्यात. … नाही कळत. काहीतरी पिळल्यासारखं करतायत. … हां… हां, स्कूटर. हँडल. स्कूटर… जिन्याखाली. … टेप उचलून दाखवतायत. मावते म्हणे. जिन्याखाली मावते स्कूटर.

थांब ना, अजून आहे. … बागेकडे बोट केलं. आता नको नको करतायत हातानं, खानविलकरांच्या खिडकीकडे दाखवून. … मागे घेणार, असंच ना गं ते? … मी मान हलवून विचारलं. … हो म्हणाले. घसा धरून दाखवला आणि मग हो म्हणाले. घसा सुटला की सांगतो, असं असेल.

नाही, काही नाही. … बोलतेय की. … नाक ओढलं फक्त.

काय उपटलं ते? … हां, ते दाखवतायत आता. जुडीच वर धरलीय. गळा खाजवल्यासारखं करतायत, मग जुडीकडे बोट, मग फेकून देतो असा हात. … खाजरं अळू काढलं म्हणे. माझ्यासाठी. परत कोणी मला बोलू नये म्हणून. चेहरा बघायला हवा होतास, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

ताई… देठ काळे आहेत.

काळे. … तुझंच अळू. सगळंच्या सगळं उपटलं. … हिरवं ना? हिरवं त्यांच्या पायाशी डुलतंय, त्याला हातसुद्धा लावला नाही. … हसवू नकोस गं, खरंच दुखतं… नाही, नाही सांगितलं. … कुठल्या तोंडानं सांगू? मला देठाचे रंग माहीत होते, तरी मी काय दिवे लावले? … मान डोलावली. हातानं छान म्हणून खूण केली. मग काय करू?

कंद? … हो, कंद आहेत खाली, इथून दिसतायत. … लागतील ना परत? … बरं. बरं, संध्याकाळी हे टीव्हीपुढे बसले की खाली जाते आणि गुपचूप लावून टाकते.

हिरवं? … नाही, ते नाही काढत. … राहू दे गं. … अगं, मनुष्य घसा सुटल्यावर काय बोलेल सांगता येतं का? पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे. असू दे हाताशी.

चल, ठेवते. हे जिना चढतायत, चहा टाकते. … हो, ह्यांच्यासाठीच. … ठेवते.